राजहंस नाही निघाले तर?

एका आईचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून त्याचा सारांश देते.

कुटुंब मूळचं अमरावती जिल्ह्यातलं. वडिलांच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी सगळे पुण्यात आले. मुलगी नऊ वर्षांची, मराठी माध्यमात, चौथीत. गावी असताना शेजारच्या काकूंना थांबवून गोष्टी सांगणारी. पुण्यातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात लगोरीच्या खेळात तिला कुणी घेतलं नाही, तेव्हा तिनं विचारलं, "मले काहून नाही घेतलं?" सगळी मुलं हसली आणि त्या दिवसापासून वर्गात तिचं नावच 'काहून' पडलं. आता मधल्या सुट्टीत ती एकटी डबा खाते. घरीसुद्धा शब्द तोलून बोलते. गावाहून आजीचा फोन आला की "तूच बोल" म्हणत फोन आईच्या हातात देते. आई तिला रोज रात्री कुरूप पिल्लाची गोष्ट सांगायची, त्याचं गाणं लावायची आणि म्हणायची, "बघ, तूही एक दिवस सगळ्यांना दाखवून देशील." परवा मुलीनं विचारलं, "अन् मी राजहंस नाही निघाले तर?" आईला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मुलीला गोष्टच नको आहे. आईनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. आत्मविश्वास वाढवणारी कुठली पुस्तकं वाचून दाखवावीत? सासूबाईंना नातीशी शुद्ध मराठीत बोलायला सांगावं का? आणि शाळा बदलावी का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी त्या एका वाक्यापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. तुम्हाला वाटतंय, लेक गोष्टीवर रुसली. मला वाटतं, तिनं ती गोष्ट आपल्या सगळ्यांपेक्षा नीट ऐकली. आपण गदिमांच्या शब्दांत, आशाबाईंच्या आवाजात ती लहानपणापासून ऐकत आलो. पाण्यात पिल्लाला आपलं रूप दिसतं, आपले डोळे भरून येतात आणि त्या भरात हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तिला तो सुचला, कारण ती आज त्या तळ्यात आहे.

ही गोष्ट मुळात डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची. तो ओडेन्स गावातल्या एका गरीब जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी एकटाच कोपनहेगनला आला, रंगभूमीवर काम मिळावं म्हणून हिंडला, लोकांच्या हसण्याचा धनी झाला. १८४३ साली त्यानं ही गोष्ट प्रसिद्ध केली तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता आणि लेखक म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. म्हणजे काठाला लागल्यावर मागे वळून त्यानं ती लिहिली. शेवट काय होणार हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या लेकीला ते ठाऊक नाही. तिला फक्त उद्याची मधली सुट्टी दिसते.

गाण्यात गोष्ट चार कडव्यांत मावते, त्यामुळे मूळ गोष्टीतलं बरंच काही आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. त्यातले दोन प्रसंग तुम्हाला सांगावेसे वाटतात. पिल्लू घरातून पळतं आणि एका म्हातारीच्या खोपटात आसरा घेतं. तिथे एक मांजर आहे आणि एक कोंबडी. कोंबडी विचारते, तुला अंडी घालता येतात का? मांजर विचारतं, तुला पाठीची कमान करता येते का, गुरगुरता येतं का? नाही ना, मग शहाण्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस. पिल्लू सांगायला जातं की पाण्यात डुबी मारली की किती छान वाटतं, तर कोंबडी त्यालाच वेड्यात काढते. मला हा भाग अख्ख्या गोष्टीत सगळ्यात खरा वाटतो. शाळेत असंच चालतं. ज्याला जे येतं त्याचीच परीक्षा सगळ्यांनी द्यायची, आणि पोहता येणाऱ्याला पोहण्याबद्दल विचारायला तिथे कुणीच नाही.

दुसरा प्रसंग आईचा आहे. तो जरा सावकाश वाचा. बदकीण सुरुवातीला पिल्लाच्या बाजूनं उभी राहते. ते दिसायला वेगळं असेल, पण छान पोहतं, असं ती इतरांना ठणकावून सांगते. पुढे मात्र सगळ्यांच्या टोमण्यांनी तीही थकते आणि एके दिवशी म्हणते, तू कुठेतरी लांब असतास तर बरं झालं असतं. ती वाईट आई नव्हे. ती दमलेली आई आहे, आणि आजूबाजूचं सगळं अंगण एका बाजूला असताना एकटीनं किती दिवस टिकायचं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. पत्रात तुमचा थकवाही ओळीओळीत दिसला, म्हणून हे लिहिलं. तुम्ही तिच्यासारखं काही म्हणालेल्या नाही. पण तुमचे तिन्ही प्रश्न पुन्हा एकदा एकत्र वाचून बघा. मुलीचा आत्मविश्वास वाढवायचा, आजीची भाषा बदलायची, मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचं. बदलायचं ते सगळं आपल्याच घरानं. ज्या वर्गानं दीड वर्ष एका मुलीला तिच्या नावाऐवजी एका शब्दानं हाक मारली, त्या वर्गासाठी तुमच्याकडे एकही प्रश्न नाही.

राजहंसाच्या गोष्टीतही हेच होतं. ते अंगण शेवटपर्यंत जसंच्या तसं राहतं. पिल्लाला चोची मारणाऱ्यांना कुणी काही बोलत नाही, त्यांना काही कळतही नाही. पिल्लू सुंदर निघालं म्हणून सुटलं. मग जे पिल्लू खरंच साधं बदकच असेल, जरा मोठ्या चोचीचं, जरा वेगळ्या आवाजाचं, त्याचं काय? तुमची लेक हेच विचारते आहे. आणि "दाखवून देशील" म्हणताना आपण तिच्या खांद्यावर नकळत आणखी एक ओझं ठेवतो. आधी वेगळं असण्याचं ओझं होतंच, आता वर असामान्य निघण्याचं. तिला पहिलं यायचं नाही, ताई. तिला लगोरीत घ्यायला हवं आहे, एवढंच.

आता भाषेबद्दल. या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तो माझ्याही घरातून गेला आहे.

सासूबाईंना शुद्ध बोलायला सांगू नका. सुचवूसुद्धा नका. तुमच्या जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा इतिहास सांगताना सुरुवात तिथून करतात. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती महदंबाही त्याच महानुभाव मंडळींतली. आज मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे तेही रिद्धपूरलाच. ज्या मातीत मराठी लिहिती झाली, तिथून आलेल्या मुलीला पुण्यात मराठी नीट येत नाही म्हणून हसावं, यात चूक मुलीची नाही आणि आजीची तर नाहीच नाही. हे तुम्ही लेकीला सांगू शकता, पण प्रवचनासारखं नको. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा तिला रिद्धपूरला घेऊन जा. लहानसं गाव आहे. तिथे उभं राहून "इथं आपली मराठी पहिल्यांदा पुस्तकात गेली" एवढं सांगितलंत तरी पुरे.

बहिणाबाई चौधरींची आठवणही करून द्या. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचायची. तिची गाणी पुस्तकात आली १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली आणि त्यांना मोल कळलं, म्हणून ती तुमच्या-माझ्यापर्यंत आली. कुणी त्या गाण्यांची भाषा 'शुद्ध' करून छापली असती तर आज काय उरलं असतं? तुमच्या लेकीच्या वर्गातली मुलंही शाळेच्या पुस्तकात कधीतरी बहिणाबाईंची कविता पाठ करतीलच. तेव्हा 'मले' या शब्दाला कुणी हसत नाही. तोच शब्द शेजारच्या बाकावरून आला की हसू येतं.

माझं सांगते. मी सिंधुदुर्गातली. पाचवीत मुंबईच्या शाळेत आले आणि पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, "मी खंय बसू?" पुढचं तुम्हाला सांगायला नको. माझ्या आईनंही तेच केलं जे तुम्ही करू पाहताय, अगदी प्रेमापोटी. आजीला सांगितलं, पोरीशी मालवणीत बोलू नका, शाळेत त्रास होतो तिला. आजी समजूतदार होती, ऐकलं तिनं. पण तिला दुसरी मराठी बोलता यायची नाही, म्हणून ती माझ्याशी बोलायचीच कमी झाली. "जेवलंस?" एवढं विचारायची आणि गप्प बसायची. मी सहा महिन्यांत मुंबईसारखं बोलायला लागले, वर्गात मैत्रिणीही झाल्या. आजीकडच्या गोष्टी मात्र आजीबरोबर गेल्या. मुंज्याची, खाडीतल्या दिव्याची, पेजेच्या मडक्याची, एकही मला पुरती येत नाही. तुमची लेक फोन तुमच्या हातात देते हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं ते यामुळे.

प्रमाण मराठी तिला येईल, याची काळजी करू नका. नऊ वर्षांचं मूल दीड वर्षात शहराची बोली सहज उचलतं, तिनं ती उचललीही असेल. परीक्षेत, निबंधात, सभेत ती लागते, म्हणून तिनं ती शिकावीच. पण तिला असं सांगा की ही दुसरी बोली आहे, शाळेची. आजीची बोली आजीची, आणि दोन्ही तुझ्या. घरात तिच्या तोंडून 'करून राहिली' निघालं तर मध्येच तोडून 'करतेय' म्हणू नका. वाक्य पुरं होऊ द्या. आणि तुम्ही स्वतः? पत्र इतक्या घोटीव मराठीत लिहिलंय की मला शंका आली, पुण्यात आल्यापासून तुम्हीही सोसायटीत, बाजारात जपूनच बोलत असाल. असाल तर त्यात तुमचा काही दोष नाही. पण मूल आपलं बोलणं ऐकतं, तसंच आपण कुठे बोलणं बदलतो तेही ऐकतं. एखाद्या संध्याकाळी भाजीवाल्यासमोर तुमच्या तोंडून सहज 'काहून बाप्पा, एवढी महाग?' निघून गेलं, तर तिला ते हजार गोष्टींपेक्षा जास्त ऐकू येईल.

शाळेत जा. याला पर्याय नाही. एकदा कुणी हसलं तर ती मुलांची गंमत म्हणून सोडता येते. दीड वर्ष टिकलेलं टोपणनाव आणि एकटीनं खाल्लेला डबा ही गंमत राहिलेली नाही. पण जाण्याआधी लेकीशी बोला. तिला विचारा, मी बाईंना भेटले तर चालेल का, आणि त्यांनी काय करावं असं तुला वाटतं? बरीच मुलं म्हणतात, सांग पण माझं नाव घेऊन वर्गात ओरडायला नको. तो शब्द पाळा. बाईंना भेटाल तेव्हा तक्रारीच्या सुरात जाऊ नका, पण गुळमुळीतही बोलू नका. तीन गोष्टी मागा. तिला तिच्या नावानंच हाक मारली जाईल याकडे बाईंनी स्वतः लक्ष द्यावं. मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला गट मुलांवर न सोडता बाईंनी पाडावेत, म्हणजे 'घेतलं नाही' हा प्रकारच उरणार नाही. आणि एक दिवस वर्गात प्रत्येकानं आपल्या आजी-आजोबांच्या घरचा एक शब्द आणावा. पुण्यातल्या वर्गात सोलापूर, सांगली, नांदेड, कोकण, खानदेश कुठून कुठून आलेली घरं असतात. फळा भरून जाईल आणि 'काहून' त्यात एक शब्द होईल, पन्नासांतला. एकट्या तुमच्या लेकीला उभं करून "हिच्याकडची भाषा ऐका" असं मात्र बाईंना करू देऊ नका. हेतू चांगला असला तरी मुलाला ते पुन्हा तळ्याच्या मध्यभागी एकटं उभं केल्यासारखंच वाटतं.

हे सुचवताना माझ्या मनात एक पुस्तक आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तिथून सुरू होतं. तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेनं आपल्या बालपणाबद्दल लिहिलेलं, १९८१ साली आलेलं, मराठीतही मिळतं. पहिलीतच एका शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला तिची आई तोमोए नावाच्या शाळेत नेते. तिथे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत त्या सहा-सात वर्षांच्या मुलीचं बोलणं चार तास ऐकतात. मध्ये न तोडता, जांभई न देता, चार तास. त्या शाळेत ताकाहाशी नावाचा एक मुलगा आहे, त्याचे हातपाय आखूड आहेत, उंची वाढणार नाही. शाळेच्या क्रीडादिनी तोच प्रत्येक शर्यतीत पहिला येतो. कारण मुख्याध्यापकांनी खेळच असे बसवलेले असतात की लहान चणीच्या मुलाला ते सोपे जावेत. बक्षीस म्हणून मुळा, पालक अशा भाज्या मिळतात. हे आपण मुद्दाम केलं असं ते कुणाला सांगत नाहीत. लेखिकेला ते मोठी झाल्यावर उमगतं. इथे मूल राजहंस निघत नाही. ताकाहाशीचे पाय आखूडच राहतात. एका माणसानं मैदान बदललेलं असतं. जमलं तर हे पुस्तक बाईंनाही वाचायला द्या. आधी तुम्ही वाचा, मग लेकीला रोज एक प्रकरण. प्रकरणं छोटी आहेत, झोपण्यापूर्वी एक सहज होतं.

दुसरा आपला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा हडकुळा पोरगा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला, म्हणजे तोही बाहेरगावाहून आलेला विद्यार्थीच. त्या गोष्टींत तो वेगळा असण्यावर कुणी भाषण देत नाही. तो सायकल मारतो, संकटात सापडतो, 'ट्टॉक' करतो, मित्र जमवतो. 'तुझ्यासारख्या मुलाची गोष्ट' असा शिक्का नसलेल्या गोष्टींचीही मुलाला गरज असते. सतत स्वतःच्याच दुखण्याची गोष्ट ऐकायला कुणाला आवडेल? आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण फक्त आजाराबद्दलच बोलत बसला तर त्याला जसं होतं, तसंच. म्हणून पुस्तकं निवडताना निम्मी तरी निव्वळ मजेची असू द्या. विनोदाची, भुतांची, पावसाळी बेडकांची, काय वाटेल ती. तिलाच वाचनालयात नेऊन निवडू द्या.

एक पुस्तक तुमच्यासाठी. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या लंपन नावाच्या मुलाचं मन त्यात आहे, आणि भाषा सीमाभागातली, कानडीच्या जवळची. मुलगी अजून त्यासाठी लहान आहे. पण आपल्या आत जे चाललंय ते मोठ्यांना सांगता न येणारं मूल आतून कसं असतं, हे मला त्या पुस्तकानं जितकं दाखवलं तितकं दुसऱ्या कशानंच नाही.

गोष्ट वाचून झाली की "यातून आपण काय शिकलो?" हे विचारू नका. तुम्ही शिक्षित, काळजीवाहू आई आहात, म्हणून हा प्रश्न जिभेवर येणारच. तो गिळा. राजहंसाची गोष्ट रोज रात्री औषधाच्या चमच्यासारखी दिली गेली. मुलाला लगेच कळतं की आई गोष्ट सांगत नाहीये, माझ्यावर उपचार करतेय, म्हणजे माझं काहीतरी बिघडलंय. गोष्ट संपली की दिवा घालवा. बोलायचं असेल तर ती अंधारात बोलेल. मुलं अंधारात आणि चालत्या गाडीत, आपलं तोंड त्यांच्याकडे नसताना जास्त बोलतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

मैत्रिणीबद्दलही बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की वाढदिवसाला सगळा वर्ग बोलावणार आहात. नका बोलावू. तीस मुलांत ती स्वतःच्याच घरात एकटी पडेल. वर्गात एखादी मुलगी असेल, जी हसली नाही किंवा हसून नंतर ओशाळली. अशी एक असतेच. लेकीला विचारा, तुला कोण बरी वाटते? तिच्या आईशी बोला आणि एका शनिवारी त्या एकीलाच बोलवा. कार्यक्रम काही नको. दोघींना पीठ मळायला द्या, पत्ते द्या, गच्चीवर पाठवा. पुढच्या शनिवारी पुन्हा. वर्ग म्हणजे काही एक प्राणी नाही. त्यात एक मुलगी आपल्या शेजारी डबा घेऊन बसली की मधली सुट्टी बदलते. बाकीच्या एकोणतीस जणी बदलल्या नाहीत तरीही.

शाळा बदलायची का, याचं उत्तर आज तरी मी 'नको' असं देईन. आत्ता बदललीत तर तिच्यापर्यंत पोचेल ते एवढंच की मी जशी आहे तशी तिथे चालले नाही. आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी ती तोंडच उघडणार नाही. बाईंना भेटा, दोन-तीन महिने द्या, मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागलं तर जा. पण शाळेनं "मुलं आहेत, चालायचंच" म्हणून हात झटकले, किंवा कुणी तिच्या अंगावर हात टाकला, वस्तू लपवल्या, तर माझं उत्तर बदलेल. रोज सकाळी पोटात दुखणं, झोप उडणं, जेवण तुटणं, आवडत्या गोष्टींतूनही मन निघून जाणं, असं काही आठवडे चाललं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला भेटा. त्यात कमीपणा नाही. तशा वेळी शाळा बदलणं म्हणजे पळ काढणंही नाही. पिल्लूसुद्धा त्या अंगणातून निघालं म्हणूनच जगलं. फक्त तेव्हा लेकीला स्पष्ट सांगा की ती शाळा तुझी काळजी घेऊ शकली नाही, म्हणून आपण निघतोय.

राहता राहिला तिचा प्रश्न. त्याला उत्तर द्यायलाच हवं, उशीर झाला असला तरी. तुम्ही सांगू शकता: तू त्या दिवशी विचारलंस ना, ते मी खूप वेळ मनात घोळवलं. तू राजहंस नाही निघालीस तरी मला काही फरक पडत नाही. तुला त्या तळ्यात आजच जागा मिळायला हवी होती, आणि ती मिळावी म्हणून मी बाईंशी बोलणार आहे. आणि "मी रोज तीच गोष्ट सांगत बसले, मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं," हेही सांगा. मुलांना आपली चूक कबूल करणारी आई आवडते, तिच्यावर त्यांचा विश्वास वाढतो.

आणि गोष्टी पुन्हा सुरू करायच्या असतील तर पुस्तकापासून नको, आजीपासून करा. सगळ्यांत जुन्या गोष्टीपासून. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दारात येऊन भिजत उभा राहतो. ती आतून म्हणत राहते, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. आपण सगळेच ही गोष्ट खिदळत ऐकलेली. दाराबाहेर कोण उभं आहे याचा विचार मीही कधी केला नव्हता. तुमच्या लेकीला बाहेरचा पाऊस ठाऊक आहे. प्रत्येक घरात या गोष्टीचा शेवट निराळा सांगतात, म्हणून तो बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आज रात्री सासूबाईंना फोन लावा. नातीशी बोला असं म्हणू नका, तिला ते परीक्षेसारखं वाटेल. स्पीकर लावून फोन मधे ठेवा आणि तुम्हीच म्हणा, "आई, मले कावयाची गोष्ट सांगा ना." तुमच्या तोंडून 'मले' ऐकून ती वर बघेल. आजी सुरू करतील, एक होता कावया अन् एक होती चिमणी. दार वाजेल, चिमणी थांब म्हणेल, पुन्हा थांब म्हणेल. तिथे सासूबाईंना जरा थांबायला आधीच सांगून ठेवा. "मंग काय झालं?" हे तिनं विचारलं तर उत्तम. नाही विचारलं तर तुम्ही विचारा, आणि आजींना म्हणू द्या, "मले आठवून नाही राहिलं, तूच सांग."

ती काय सांगते ते मला नक्की कळवा. दार उघडलं की नाही, तेवढं तरी.